मेंडोलिनचा पट्टा कुठं अडकवायचा

मेंडोलिन पडलं ते एका रविवारी दुपारी, विहाराच्या हॉलमध्ये, आमच्या मंडळाच्या सरावात. माझ्या हातातून सुटलं असं सगळ्या बायका नंतर म्हणाल्या, पण ते खरं नाही. हात जागेवर होते. पट्ट्याचं भोक वाद्याच्या बुडाशी असलेल्या लाकडी गुंडीवरून निसटलं आणि बूड एकदम खाली गेलं. मी गुडघा वर केला, ते मांडीवर आदळलं आणि तिथून घसरून स्टेजच्या पायरीला टेकलं. टच्‌ असा आवाज आला. ढोलकी थांबली, टाळ थांबले. मी खाली बसून पाहिलं, तर कडेला नखाएवढा टवका उडाला होता.

"फुटलं का?" अक्कांनी विचारलं.

"नाही फुटलं."

"मग घे परत. दुसऱ्या कडव्यापासनं."

अक्का म्हणजे आमच्या मंडळाच्या मुख्य गायिका. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या, पण आवाजातला वॉर्ड अजून गेलेला नाही. आम्ही अकरा बायका दर वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात गातो. मी शाळेत गणित शिकवते आणि मंडळात मेंडोलिन वाजवते. इतकी वर्षं आम्ही सतरंजीवर बसून गायचो. मांडी घालायची, वाद्य मांडीत ठेवायचं, संपलं. पट्ट्याचा विषयच नव्हता. या वर्षी अक्कांनी ठरवलं की उभ्यानं गायचं. मागच्या लोकांना आपण दिसत नाही, आणि बसलेल्या बायका दिसल्या की लोक गप्पा मारायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना पटलं. उभं राहून ढोलकी वाजवता येते, टाळ तर येतातच. राहिलं माझं वाद्य.

मेंडोलिन वजनानं काहीच नसतं. पण त्याला धरायला तिसरा हात लागतो, हे उभं राहिल्यावर कळतं. उजवा हात तारांवर, डावा पडद्यांवर, मग त्याला पोटाशी धरून कोण ठेवणार? म्हणून पट्टा. पट्ट्याचं एक टोक बुडाच्या गुंडीला. दुसरं टोक कुठं, हा प्रश्न. गिटारला वरच्या बाजूला दुसरी गुंडी असते. माझ्या मेंडोलिनला नव्हती. मी शेजारणीकडून गिटारचा जुना पट्टा आणला आणि त्याचं वरचं टोक परकराच्या नाडीनं वाद्याच्या डोक्याला, किल्ल्यांच्या खाली बांधलं. नाडीची गाठ डाव्या हाताच्या अंगठ्याला लागायची, पहिल्या पडद्यावर बोट नीट बसायचं नाही. तरी चालवून घेत होते. दगा दिला तो खालच्या टोकानं, ज्याची मला काळजीच नव्हती.

दुसरी गुंडी बसवून घ्यायची, एवढं सोपं होतं. पण वाद्य माझं नाही, दादांचं आहे. दादा म्हणजे माझे वडील. ते मुकुंदवाडीत माझ्या भावाकडं राहतात. चाळीसएक वर्षं त्यांनी ते वाजवलं. नंतर संधिवातानं बोटं वाकली, तेव्हा एका दिवशी गोधडीत गुंडाळून माझ्या घरी आणून दिलं. देताना एकच गोष्ट सांगितली होती.

"याला कुठं भोक पाडायचं नाय."

मी तेव्हा हसले होते. मेंडोलिनला भोक कशाला पाडीन मी? पण दर आठवड्याला त्यांचा फोन येतो. त्यात माझी चौकशी एका वाक्यात आणि वाद्याची चार वाक्यांत असते. तारा बदलल्यास का, उन्हात ठेवत नाहीस ना, तारांखालची घोडी सरकली का. उभ्यानं वाजवायचं ठरलं तेव्हा मी फोनवर सहज विचारलं होतं, "दादा, मानेच्या मुळाशी एक छोटा स्क्रू मारून गुंडी बसवली तर?"

"नाय."

"अहो, सगळे बसवतात."

"सगळ्यायचं मला सांगू नको. भोक पाडायचं नाय म्हणलं ना."

"कामून पण?"

"नाय म्हणजे नाय." आणि फोन ठेवला.

आता टवक्याचं त्यांना सांगायचं नाही, हे मी पायरीवर बसल्याबसल्याच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर औरंगपुऱ्यात गेले. वाद्यांच्या दुकानापाशी गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तीन चकरा झाल्या. काउंटरवरच्या माणसानं गोधडी उघडल्यावर विचारलं, "युकुलेले आहे का मॅडम?"

"मेंडोलिन आहे."

"अच्छा, अच्छा. सेम." मग त्यानं माझ्यासमोर पट्ट्यांचा ढीग टाकला. कवट्यांची नक्षी, विजेची नक्षी, एकावर इंग्रजीत काहीतरी, जे मी पांढऱ्या साडीवर घालून विहारात उभी राहू शकत नव्हते. सगळे गिटारचे. सगळ्यात लहान करूनही वाद्य माझ्या गुडघ्यापाशी लोंबायचं. मी त्याला म्हणाले, पट्ट्याचा प्रश्न नाही, तो अडकवायचा कुठं हा प्रश्न आहे.

"ते तुम्ही बघून घ्या ना मॅडम," तो म्हणाला. "घेतल्यावर होतं सगळं ॲडजस्ट."

घेतल्यावर काही ॲडजस्ट होत नाही. एकोणीस वर्षांचा संसार आणि सत्तावीस वर्षांची नोकरी झाल्यावर एवढं मला कळतं. मी काही न घेता परत आले.

घरी आमच्या ह्यांनी मोबाईल पुढं केला. "हे बघ. भोक नको, काही नको. चिकटवायचं फक्त." एक काळी प्लास्टिकची कडी होती, मागं डिंकाचा गोल. मी नको म्हणत असतानाच त्यांनी मागवली. ती तीन दिवसांनी आली, आणि मी शाळेतून यायच्या आत त्यांनी ती चिकटवूनही ठेवली होती. मानेच्या मुळाशी नाही, पाठीवर, अगदी मधोमध. पट्टा अडकवला तर वाद्य तोंड वर करून छताकडं बघायला लागलं.

"अहो, इथं कोणी लावतं का?"

"चिकटायला सपाट जागा लागते, तिथं सपाट होती."

मी काढायला गेले तर निघेना. चाकूनं नको म्हणून त्यांनी केस वाळवायच्या मशीननं गरम केलं. मग निघालं. निघताना सोबत रुपयाएवढं पॉलिश घेऊन आलं. खाली लाकूड उघडं, फिकट, एखाद्या जखमेची खपली निघाल्यासारखं. आम्ही दोघं त्याकडं बघत बसलो. मग मी बोलले ते इथं लिहीत नाही. आमचे हे बाहेर जाऊन उगाच गाडी धुवायला लागले.

म्हणजे आता टवका एक आणि डाग एक. दादांपासून लपवायच्या गोष्टी दोन झाल्या.

सराव तर थांबत नव्हता. चपला शिवणाऱ्या काकांकडं गेले. ते आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर बसतात. त्यांनी मात्र वाद्य हातात घेऊन नीट बघितलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, "कमरेला पट्टा बांधू या याच्या." दोन दिवसांनी चामड्याचं एक जाळं तयार झालं होतं. वाद्याच्या पोटाभोवती एक पट्टी, आडवी एक, उभी एक, वर कडी. काम इतकं सुंदर होतं, टाके इतके एकसारखे, की माझ्या तोंडून नाही निघेना. वाजवलं तर आवाज डब्यात कोंडल्यासारखा. चामड्यानं लाकडाचा श्वासच आवळला होता. काकांनाही ऐकू आलं ते. त्यांनी गुपचूप जाळं सोडवलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. पण पट्टा मी करून देतो." मऊ चामड्याचा, आतून खरखरीत पट्टा त्यांनी केला, साडीच्या खांद्यावरून घसरू नये म्हणून. संपूर्ण महिन्यात एवढी एकच गोष्ट धड झाली.

पण त्याची टोकं अडकवायची कुठं, हे तसंच. अक्का प्रत्येक सरावाला विचारायच्या, "तू मधीच थांबायलीस कामून?" आणि मी प्रत्येक सरावाला सांगायचे की अंगठ्याला नाडी लागते. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही सलाईन लावून पेशंट चालवत नेतो. तुला एवढंसं वाजंतर अडकवता येईना?" बाकीच्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन भांडी जोरात आपटली.

शेवटी आमच्या ढोलकीवाल्या बाईंनी पत्ता दिला. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दोन दुकानांच्या मधून आत गेलं की एक म्हातारे चाचा वाद्यं दुरुस्त करतात. बोर्ड नाही. हार्मोनियमच्या पेट्या एकावर एक रचल्यात, तेच ओळखायचं.

चाचांनी वाद्य घेतलं. आधी तारा वाजवून बघितल्या नाहीत, काही नाही. उलटं करून पाठ बघितली. डागावर बोट ठेवलं.

"ये किसने किया?"

"घरवाल्यांनी."

"हौ." जणू घरवाल्यांकडून दुसरी काय अपेक्षा, अशा सुरात. मग बुडाची गुंडी दोन बोटांत धरून ओढली, तर ती अख्खी बाहेर आली. दात निघावा तशी. "देखो. ये तो ऐसीच बैठी वी थी. पट्टा नै निकलता तो ये निकलती."

महिनाभर मी वरच्या टोकाच्या मागं लागले होते आणि खालची गुंडी नुसती भोकात टेकून उभी होती.

मग चाचांनी चष्मा बदलला आणि मानेचं मूळ खिडकीच्या उजेडात धरलं. मान जिथं पोटाला मिळते, तिथं लाकडाचा जाड भाग असतो. तिथं अंगठ्याच्या नखानं ते खरवडायला लागले.

"नका, नका," मी म्हणाले. "तिथं भोक पाडायचं नाही. वडिलांची सक्त ताकीद आहे."

"मॅडम," चाचा म्हणाले, "इसमें तो पैलेच सुराख हुआ वा है."

मी वाकून बघितलं. पॉलिशच्या खाली एक गोल, वाटाण्यापेक्षा लहान. आजूबाजूच्या लाकडापेक्षा किंचित काळा. आणि त्या गोलापासून वर मानेत गेलेली केसासारखी एक रेघ.

"बुरादा और सरेस भरेला है. बहोत पुराना काम है. और गर्दन भी टूटी वी थी एक बार. जिसने जोडा, अच्छा जोडा."

मी त्यांना म्हणाले, आत्ता काही करू नका. वाद्य गोधडीत गुंडाळलं आणि तशीच गाडीवरून मुकुंदवाडीला निघाले. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं. महिनाभर मी नाड्या बांधते, चिकटवते, जाळी शिवून घेते, अक्कांची बोलणी खाते, आणि भोक आधीच आहे!

दादा अंगणात खुर्चीवर बसले होते. स्टेशनवरून गाडी निघाल्याचा आवाज येत होता, तो सरेपर्यंतही मी थांबले नाही.

"दादा, हे भोक कोणी पाडलं?"

त्यांनी आधी वाद्य मांडीवर घेतलं. वाकड्या बोटांनी कडेवरून हात फिरवला आणि टवक्यावर अंगठा थांबला. मग पाठीवरचा डाग दिसला. मी श्वास धरून उभी. मग त्यांनी मानेच्या मुळाकडं बघितलं.

"मी पाडलं," ते म्हणाले.

आणि मग, फोनवर चार-पाच वाक्यांच्या वर न बोलणारा माणूस, अर्धा तास बोलला.

वाद्य मुळात दादांचं नव्हतंच. ते मिलमध्ये कामाला लागले तेव्हा त्यांच्या खात्यातले एक वयस्कर कामगार मेंडोलिन वाजवायचे. त्यांनी दादांना शिकवलं. एका जयंतीला मिरवणुकीच्या ट्रकवर वाजवायचं ठरलं. त्या कामगारांना ताप होता, म्हणून त्यांनी वाद्य दादांच्या हातात दिलं. ट्रकवर बसून वाजवलं तर कुणाला दिसणार? दादा तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी त्या कामगारांना न विचारता दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू काढला, हातोडीनं ठोकून मानेच्या मुळाशी बसवला आणि त्याला सुतळी बांधली.

"ठोकून?" मी म्हणाले. "स्क्रू?"

"मला काय माहीत होतं तवा? पीळ द्यायला पेचकस नव्हता."

ट्रक चालला. दादा उभे राहून वाजवत होते, दोन्ही बाजूंनी लोक बघत होते. एका वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला. स्क्रू लाकडाचा तुकडा घेऊन बाहेर आला, वाद्य ट्रकच्या फळीवर आपटलं आणि तिथून रस्त्यावर. मान दुभंगली.

"मी तसंच घेऊन त्यांच्या घरी गेलो. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. एक शब्द बोलले नाय. पंधरा दिवस घरी ठेवलं, सरेस लावून जोडलं, भोक बुजवलं. आन्‌ मलाच परत आणून दिलं. म्हणले, आता बसून वाजव."

"आणि तुम्ही?"

"बसूनच वाजवलं. ते दोन वर्षांनी वारले. वाद्य परत घेतलं नाय त्यांनी कधी."

आईलासुद्धा हे माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. वाईट वाटलं, संतापही आला, आणि संताप आधी बाहेर पडला.

"मग महिन्यापूर्वी फोनवर हे सांगितलं का नाही? मी विचारलं होतं ना, कामून म्हणून?"

"फोनवर सांगायची गोष्ट हाय का ती?"

"मग या म्हणायचं घरी!"

"तू तरी कुठं सांगितलंस, वाद्य पडलं म्हणून?"

वहिनीनं चहा आणला. आम्ही दोघांनी तो एकमेकांकडं न बघता प्यायला. कप खाली ठेवून दादा म्हणाले, "उद्या येतो मी. त्या दुरुस्तीवाल्याला बघतो आधी."

दुसऱ्या दिवशी भावानं त्यांना रिक्षानं गुलमंडीत आणून सोडलं. चाचा आणि दादा, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे, दोघंही कमी ऐकणारे. गल्लीतली दुकानं बघायला लागली एवढ्या मोठ्यानं त्यांची चर्चा झाली. दादा म्हणत, जुन्या भोकात स्क्रू धरणार नाही. चाचा म्हणत, जुन्या भोकात मारतंय कोण? जुना भुसा कोरून काढायचा, शिसमची खुंटी घट्ट बसवून चिकटवायची, आठ दिवस वाळू द्यायची, मग तिच्यात आधी बारीक ड्रिल आणि मग स्क्रू हातानं पिळून.

"ठोकायचा नाय," दादा म्हणाले.

"स्क्रू कौन ठोकता जी?" चाचांनी विचारलं. मी दुसरीकडं बघितलं.

बुडाच्या गुंडीवरही वाद झाला. चाचांनी नवी, जरा निमुळती गुंडी कातून घट्ट बसवायचं ठरवलं, डोकं जुन्यापेक्षा रुंद. दादांना तेवढ्यावर भरवसा नव्हता. पट्टा अडकवल्यावर वरून नळाचं रबरी वायसर दाबून बसवायचं, म्हणजे पट्टा निघणार नाही, ही कल्पना त्यांची. चाचांना ती आवडली, पण त्यांनी ती आवडल्याचं दाखवलं नाही. मी मध्येच म्हणाले, वायसर पांढऱ्या रंगाचं मिळेल का. दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आठाचे बारा दिवस झाले. रोज फोन, रोज "कल आव". तेराव्या दिवशी मी दादांना घेऊन गेले. वाद्य तयार होतं. पाठीवरच्या डागावर चाचांनी पॉलिशही मारून दिलं होतं, न सांगता. मी काकांनी शिवलेला पट्टा दोन्ही गुंड्यांना लावला, वायसर दाबलं, आणि गळ्यात घालणार तेवढ्यात दादांनी वाद्य माझ्या हातातून घेतलं. भिंतीवरच्या खिळ्याला पट्टा अडकवला आणि मेंडोलिनला झोका दिला. चांगला जोरात. ते हार्मोनियमच्या पेट्यांपासून वीतभर अंतरावरून गेलं आणि परत आलं.

"दादा!"

त्यांनी दुसरा झोका दिला. मग खाली एक हात धरून पट्टा दोनदा हिसडला. ब्रेक मारल्यासारखा. चाचा तंबाखू चोळत शांतपणे बघत होते. मी डोळे मिटून घेतले होते.

"धरतंय," दादा म्हणाले. "घे."

जयंतीच्या संध्याकाळी आम्ही अकरा जणी उभ्या राहिलो. वस्तीतले लोक रस्त्यापर्यंत बसले होते. दादा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, शेजारी आमचे हे. पहिलं गाणं सुरू झालं, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा माझा अंगठा मोकळा होता. वाद्य पोटाशी बसलं होतं, खाली ओढत नव्हतं, डोकं झुकवत नव्हतं. दुसऱ्या कडव्यात मी चक्क एक पाऊल पुढं आले. अक्कांनी गाता गाता माझ्याकडं बघून मान हलवली. त्यांची मान सहसा कौतुकासाठी हलत नाही.

दादांकडं बघितलं. ते माझ्या बोटांकडं बघत नव्हते, तोंडाकडंही नाही. त्यांची नजर मानेच्या मुळाशी, त्या गुंडीवर खिळली होती. पाच गाणी झाली, टाळ्या झाल्या, मुलांनी फटाके लावले. ते हलले नाहीत. शेवटची तार थांबली आणि मी वाद्य गळ्यातून काढून गोधडीवर ठेवलं, तेव्हा कुठं त्यांनी खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली.

मी जवळ गेले. "कसं झालं?"

"वरच्या तारांची जोडी सुरातून उतरली होती," ते म्हणाले. "तिसऱ्या गाण्यापासनं. ऐकू आलं नाय का तुला?"

खरं सांगायचं तर आलं नव्हतं. मी गोधडीवरचं मेंडोलिन आणलं, त्यांच्या पुढ्यात एक खुर्ची ओढली, वाद्य मांडीवर घेतलं आणि किल्ली पिळायला लागले. ते कान पुढं करून ऐकत होते. "अजून," म्हणाले. "अजून थोडी."